उभ्या माणसाचा ओटा

“खाली घे ती दोरी.”

“हात लावू नकोस, ओथा. आहे तिथंच राहू दे.”

“ओथा, मी काय सांगतेय? खुर्चीत बसल्यावर कोपर जिथं येतं तिथं ओटा. त्याच्या वर बोटभर नको.”

“कुणाची खुर्ची? कोण बसलंय खुर्चीत? मला तर कुणी दिसत नाही. तुला दिसतंय, ओथा?”

ओथाला काहीच बघायचं नव्हतं. परसातल्या दोन खुंट्यांच्या मधे तो उकिडवा बसला होता. हातात दोरी, तोंडात काडी. एका बाजूला सख्खी बहीण व्हर्डी, दुसऱ्या बाजूला मेव्हणा रुडेल. सगळा जन्म त्याने गवंडीकामात घालवला होता. भिंत वाकडी गेली तर पाडून पुन्हा उभी कशी करायची हे त्याला ठाऊक होतं. नवरा-बायकोच्या मधे दोरी धरून कसं बसायचं, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

“तुमचं ठरलं की हाक मारा,” तो म्हणाला. “मी गाडीत जाऊन पडतो.”

“ठरलंय की!” रुडेलने काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने पट्ट्याचं बकल ठोकलं. “ओटा इथं. बकलाला. विस्तवापाशी माणूस उभा राहतो तेव्हा कठडा बकलाला लागतो. माझ्या मामाची भट्टी एवढीच होती. त्याच्या बापाचीही एवढीच.”

“तुझ्या मामाला दोन पाय होते,” व्हर्डी म्हणाली.

ओथाने तोंडातली काडी काढली. व्हर्डीला वाटलं, आता हा काठी फेकणार. पण रुडेल हसला.

“होते. आणि शनिवारी रात्री दोन्ही दोन दिशांना जायचे. माझा एक आहे, पण सरळ जातो.” मग ओथाकडे वळून, “बांध.”

“बांधायचं नाही,” व्हर्डी म्हणाली, आणि स्वयंपाकघराचं जाळीचं दार आपटून आत गेली. आपटलं असं तिला वाटलं. दाराला स्प्रिंग होती, ते बिचारं हळूच लागलं.

रुडेल स्पाइट शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. पण नॉर्थ कॅरोलिनाच्या त्या सखल, तंबाखूच्या मुलखात बसगाड्यांसाठी त्याला कुणी ओळखत नव्हतं. लग्न असो, कुणाची माती असो, चर्चचा वार्षिक मेळा असो, भट्टीवर अख्खं डुक्कर भाजायला बोलावायचं ते रुडेललाच. संध्याकाळी जनावर जाळीवर पसरायचं, हिकरीच्या आणि ओकच्या लाकडाचे निखारे फावड्याने मांड्यांखाली, खांद्यांखाली सारत राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिनेगर आणि लाल मिरची शिंपडून मांस हाताने सोडवायचं. सोपं वाटतं. करून बघितलेली माणसं सोपं म्हणत नाहीत.

आणि भट्टीचा नेम एकच: बसायचं नाही. मामाने घालून दिलेला. बसला की डोळा लागतो, डोळा लागला की चरबी टपकून पेट घेते, आणि सकाळी मयताच्या घरच्यांपुढे कोळसा वाढावा लागतो. म्हणून रुडेलच्या भट्टीपाशी साधा ओंडकासुद्धा नसायचा. गप्पा मारायला येणाऱ्यांनी उभ्याने मारायच्या. एकदा गुडघे दुखतात म्हणून कुणी बादली पालथी घालून तिच्यावर बसलं, तर रुडेलने बसलेल्या माणसाखालून बादली ओढून घेतली. स्वतःच्या लग्नातही तो भट्टीवर होता. व्हर्डी झगा सावरत ताट घेऊन आली, तेव्हा त्याने फावडं काखेत धरून उभ्यानेच खाल्लं आणि म्हणाला, “बटाटे छान झालेत. तू जा, पाहुण्यांकडे बघ.” व्हर्डीची आई म्हणाली होती, “पोरी, तू लग्न कुणाशी केलंस? माणसाशी की खांबाशी?”

त्या खांबाला शुगरने आतून पोखरलं. आधी अंगठा, मग टाच, आणि गेल्या पानगळीत डावा पाय गुडघ्याखालून गेला. नवा पाय आला, चर्चच्या बुटात बसला, पण त्या पायाने फावडं मारता येईना. निखाऱ्यांनी भरलेलं फावडं उचललं की तोल जायचा. हिवाळाभर रुडेल खिडकीत बसून भट्टीवर टाकलेला पत्रा गंजताना बघत राहिला. बोलायचा नाही. टीव्ही लावायचा आणि बघायचा नाही. व्हर्डी पलीकडच्या खोलीतून विचारायची, “काय चाललंय त्याच्यात?” आणि तो म्हणायचा, “माणसं.”

वसंतात बाल्टिमोरहून मोठं खोकं आलं. होमकमिंगच्या रविवारी, ऑगस्टमधे, चर्चची दूर गेलेली लेकरं गावी येतात. त्यातल्या बाल्टिमोरच्या मंडळींनी वर्गणी करून पाठवलं होतं. आत पोलादाची चकचकीत गॅसची ग्रिल. पाय नसलेली, विटांच्या ओट्यात कायमची बसवायची. सोबत चिठ्ठी: होमकमिंगला कोंबड्या तुमच्याच हातच्या हव्यात, ब्रदर स्पाइट. डुकराचं राहू दे.

व्हर्डीला वाटलं होतं, हा खोकं परत पाठवील. गॅसवर भाजणाऱ्यांना त्याने आयुष्यभर नावं ठेवली होती. रुडेल बराच वेळ त्या पोलादाकडे बघत राहिला, झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“लाकूड गेलं,” तो म्हणाला. “ठीक आहे. पण उभा राहून करीन.”

एवढंच मागितलं त्याने. ऑगस्टमधल्या त्या एका दिवशी आपल्या विस्तवापाशी उभं राहायचं. तेव्हापासून तो टीव्ही बंद करून जेवायला लागला.

तर दोरीवरून भांडण झालं त्याच दुपारी व्हर्डी त्याला दवाखान्यात पट्टी बदलायला घेऊन गेली. उजव्या पावलाला, बोटांच्या मधे, एक जखम होती. हिवाळ्यापासून भरत नव्हती. काम आटोपल्यावर रुडेल गाडीत बसेपर्यंत नर्स व्हर्डीच्या मागोमाग पायरीपर्यंत आली.

“मिस व्हर्डी, घराला चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधून घ्या.”

“आत्ता?”

“आत्ताच. उन्हाळ्याची वाट बघू नका.”

“डॉक्टर तर म्हणाले, बघू या.”

नर्सने तिच्या दंडावर हात ठेवला. व्हर्डीने मान हलवली आणि गाडीचं दार उघडलं.

“काय म्हणत होती?” रुडेलने विचारलं.

“मलम बदललंय म्हणाली.”

घरी आल्यावर ती भाजी निवडत खिडकीशी उभी होती, तेव्हा तो तिला परसात दिसला. ओथा निघून गेला होता. दोरी तशीच ताणलेली, बकलाच्या उंचीवर. रुडेल त्या दोरीपाशी उभा होता. काठी गवतात पडली होती. त्याचा उजवा हात हवेत काहीतरी धरून मनगटातून वळत होता. एक कोंबडी उलटली, दुसरी उलटली, मग हात पँटला पुसला. डाव्या बाजूला मान वळवून तो कुणाशी तरी बोलत होता. तिथं कुणी नव्हतं. मग त्याने मान मागे टाकली आणि तो खदखदून हसला. असं हसताना व्हर्डीने त्याला किती दिवसांत पाहिलं नव्हतं, ते तिला आठवेनासं झालं.

तिने ओथाला फोन केला.

“बकलाला घे.”

“काय? अगं, सकाळी तूच माझं डोकं खाल्लंस.”

“सकाळी खाल्लं. आता बकलाला घे.”

“आज गेला होतात ना? काय म्हणाली ती?”

व्हर्डीने सांगितलं.

“मग तर खालीच घेऊ की. चार दिवस बोंबलेल. मी गुपचूप खाली बांधतो आणि माप चुकलं म्हणतो. शिव्या मी खातो, मला सवय आहे.”

“नको.”

“व्हर्डी, दगड आहे तो. लाकडी टेबल नाही, पाय कापून बुटकं करायला.” बोलल्यावर त्यालाच कसंतरी झालं. “म्हणजे, माझ्या बोलण्याचा अर्थ...”

“कळला अर्थ. उद्या लवकर ये. तो चहा करून वाट बघेल.”

ओथा आला, आणि त्याने असा ओटा बांधला की बघत राहावं. खाली काँक्रीटचा कोबा, त्यावर ब्लॉक, ब्लॉकच्या पोकळीत सळ्या आणि वरून माल भरलेला, बाहेरून जुन्या गावठी विटांची कातडी. रुडेल शेजारी उभा, तोंडाला खळ नाही.

“हे भोक कसलं ठेवलंस तळाशी? उंदरांना बोलावणं?”

“हवेला. हा गॅस जड असतो. कुठं गळला तर खाली साचून राहतो. भोक नसेल तर काडी ओढलीस की तू थेट प्रभूपाशी.”

“लाकूड गळत नाही.”

“लाकूड खांद्यावरून आणावं लागतं. आणणार आहेस?”

“वीट सरळ लाव. भोकाचं बोलतोय मोठा.”

वरचा काळा दगड ग्रिलच्या मापाने कापून आला, ग्रिल त्यात घट्ट बसली. गॅसवाल्याने नळी जोडली, सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं आणि अंगठा वर केला. पहिल्या शनिवारी शेजारपाजारचे उगाचच आल्यासारखे आले.

“रुडेल, कोंबडी भाजतोयस की चहा उकळतोयस? धूर कुठाय?” म्हातारा क्लीओफस कुंपणावरून ओरडला.

“धूर हवा असेल तर तुझ्या बायकोला भाकरी करायला सांग.”

रुडेल उभा होता. पट्ट्याचं बकल दगडाला टेकलेलं, डावा तळवा दगडावर, उजव्या हातात लांब चिमटा. मिरचीच्या व्हिनेगरचा फवारा बसला की कोंबड्या चरचरायच्या आणि त्याच्या कपाळावरची शीर उडायची. लोक हसत होते. ओथा तर आपल्याच विटांवरून हात फिरवत हिंडत होता.

व्हर्डी कोबीची कोशिंबीर घेऊन येत होती, ती अर्ध्या वाटेत थबकली. एरवी रुडेल सगळा भार उजव्यावर टाकायचा, आपल्या जित्या पायावर. नवा पाय नुसता टेकवायचा. आज उलटं होतं. आज तो सगळा तोल त्या प्लॅस्टिकच्या पायावर पेलून उभा होता आणि उजवा बूट जमिनीला जेमतेम शिवत होता.

तिने कोशिंबीर टेबलावर ठेवली आणि चमचे आणायला परत आत गेली. चमचे टेबलावरच होते.

मेचे शनिवार झाले, जूनचे काही झाले. मग एका सकाळी तो उठला तो तापाने फणफणलेला, आणि मोजा काढताना व्हर्डीला वास आला. पुढचं सगळं भरभर झालं. उजवा पाय गेला तो गुडघ्याच्या वरून गेला, आणि त्यावर नवा पाय बसवायचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. ऑगस्टमधे, होमकमिंगच्या तोंडावर तो घरी आला, तेव्हा ओथाने पुढच्या दाराला उतार बांधून ठेवला होता. तोही सुंदर होता.

रुडेलने दोन दिवस परसाकडे पाठ ठेवली. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “मला तिकडं ने.”

व्हर्डीने खुर्ची ओट्यापाशी लावली. खुर्चीतून ग्रिलची बटणं त्याच्या नाकासमोर येत होती. झाकणाची मूठ त्याच्या डोक्याच्या वर होती. आणि जाळी, जिच्यावर सगळं घडायचं ती, दिसतच नव्हती. समोर दिसत होत्या त्या विटा, मधल्या फटी सिमेंटने एकसारख्या भरलेल्या.

“मांस आण,” तो म्हणाला.

तिने आणलं. त्याने बटण फिरवलं, काठीचा वाक अडकवून झाकण वर ढकललं आणि हात उंच करून कोंबडीचे तुकडे एकेक करून वर टाकले, जसं कुणी फळीवर आंधळेपणाने वस्तू ठेवतं. चरचर ऐकू आली. तो कान देऊन ऐकत राहिला. मग चिमटा वर नेला, चाचपडला; एक तुकडा उलटला, एक जाळीच्या कडेवरून घसरला, दगडावर आपटला आणि त्याच्या मांडीवर पडला. जिथं मांडी संपत होती, तिथं.

व्हर्डीने तो झटकन उचलला. “मी उलटते. तू नुसतं सांग.”

“तू उलटलंस तर स्वयंपाक तुझा.”

“मग काय बिघडलं? इतकी वर्षं आतला स्वयंपाक कुणाचा होता?”

“आतला तुझाच आहे. तो मी मागितलाय कधी?” त्याने बटण बंद केलं. “ने आत.”

ओथा आला तो फळ्या घेऊनच. जमीनच वर उचलू म्हणाला. लाकडी चौथरा करू, खुर्ची त्यावर चढवू. ब्लॉकवर फळ्या टाकून त्याने खुर्ची वर घेतली. उंची बरोबर आली, पण खुर्चीची पुढची चाकं विटांना अडली आणि रुडेल ओट्यापासून हातभर लांब राहिला. ओट्याखाली जागाच नव्हती; तिथं भिंत होती. मग आडवी लावून पाहिली. आडव्याने रुडेलला सगळं अंग पिळून एका हाताने भाजावं लागे, आणि त्या हातावरचे केस जळायला लागले. वाकताना चाक फळीच्या काठावर आलं, तेव्हा व्हर्डी किंचाळली.

“उतरव,” रुडेल म्हणाला. “न्हाव्याच्या खुर्चीवर पोर बसवल्यासारखं करू नका मला.”

“पाडतो,” ओथा म्हणाला. “पुन्हा बांधू. बुटका, खाली गुडघ्यांना जागा ठेवून.” त्याने हातोडा आणला, कोपऱ्यावर एक घाव घातला. टवका उडाला, नखाएवढा. दुसऱ्या घावाला हातोडाच उसळला. ओथा थांबला आणि त्याने विटेवर हात ठेवला. “आत सळ्या आहेत. सगळ्या पोकळ्या भरल्यात मी. वादळात घर जाईल पण हा जायचा नाही. यंत्र लावून फोडायचा तर दगड जाईल, ग्रिलही चेपेल. रविवारच्या आत काही होत नाही, रुडेल.”

“रविवारच्या आत नाही, की कधीच नाही?”

ओथा हातोड्याच्या दांड्यावरची धूळ पुसत बसला.

शुक्रवारी चर्चचे डीकन बेस्ट आले. चांगला माणूस, टोपी हातात घेऊनच परसात शिरले. व्हर्डी कोंबडीचं ताट घेऊन ओट्यापाशी उभी होती, कारण रुडेलने पुन्हा एकदा बघू म्हटलं होतं आणि अजून कुणी काही बघितलं नव्हतं. ओथा चौथऱ्याच्या फळ्या गोळा करत होता.

“ब्रदर स्पाइट, बाल्टिमोरची मंडळी निघाली. सगळे तुमचीच चौकशी करताहेत.”

“कोंबड्यांचं काय केलंत?”

डीकननी टोपी फिरवली. “शहरातल्या दुकानातून डबे मागवलेत. सगळं तयार येतंय. तुम्ही कशाची म्हणून काळजी करू नका. तुम्ही फक्त जेवायला यायचं. पहिल्या टेबलाशी, पास्टरांच्या शेजारी तुमची जागा ठेवलीय. खुर्ची नीट जाईल एवढी.”

“मोजून बघितलीत?”

“हो, हो. मी स्वतः.”

“आभारी आहे,” रुडेल म्हणाला.

डीकननी त्याच्या खांद्यावर थोपटलं, ओट्याकडे बघून “काय देखणं काम आहे हो” म्हणाले, आणि गेले.

गाडीचा आवाज रस्त्यापर्यंत जाऊन नाहीसा झाला. ओथाला शांतता कधी सोसत नसे. ती सोसवत असती तर तो गवंडी झालाच नसता.

“पुढच्या वर्षी बघ,” तो म्हणाला. “हिवाळ्यात बांधतो तुला बुटका.”

“पुढच्या वर्षी कोण मला भाजायला सांगणारे? डबे एकदा आले की दरवर्षी येतात.” रुडेल विटांकडे बघत होता. “चूक माझीच. बकलाला, बकलाला. व्हर्डी बोंबलत होती.”

“एकट्याची कशाला?” ओथाला त्याचं ओझं हलकं करायचं होतं, एवढंच. “मीही ठाम राहायला हवं होतं. हिला म्हणालो होतो मी फोनवर, नर्सने एवढं स्पष्ट सांगितलंय तर खालीच घेऊ, मी माप चुकलं म्हणतो, तर ही म्हणे...”

तो थांबला. पण बोलून झालं होतं.

“कुठल्या नर्सने?” रुडेलने विचारलं.

ओथाने फळ्यांचा भारा खांद्यावर घेतला, पुन्हा खाली ठेवला.

“ओथा. काय सांगितलं नर्सने?”

“हिला विचार.”

रुडेलने चाकं हाताने फिरवून खुर्ची वळवली. गवतात एक चाक रुतलं; त्याने जोर लावला, रेटलं, आणि आता तो व्हर्डीच्या समोर होता. तिच्याकडे बघायला त्याला मान वर करावी लागत होती.

“दोरी बांधली त्याच दिवशी?”

व्हर्डीच्या हातातलं ताट जड झालं होतं. माशा यायला लागल्या होत्या. तिने ताटावर फडकं टाकलं, कोपरे खाली दुमडले.

“म्हणजे हा पाय जाणार हे तुला ठाऊक होतं,” रुडेल म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. “भिंत चढत होती, मी शेजारी उभा राहून बडबडत होतो, हा विटांच्या फटी भरत होता, आणि तुला ठाऊक होतं. सकाळी तूच खाली घे म्हणून भांडलीस. मग का, व्हर्डी? का बांधू दिलंस मला?”

ओथा बहिणीकडे बघत होता. तिने काहीतरी बोलावं, काहीही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

“मी विचारतोय.”

काठी टाकून तो दोरीपाशी एकटाच हसत उभा होता, त्या जागेकडे व्हर्डीने एकदा बघितलं आणि ताट दोन्ही हातांनी नीट धरलं. ती ओट्याला वळसा घालून, घराच्या कडेने, पुढच्या दाराच्या उताराकडे चालत गेली.